मुलीला छोट्या खाजगी विद्यापीठात घालावं का? तिथलं कॅम्पस लाईफ खरंच कसं असतं?

बार्शीची_आई | १२ जून, दुपारी ३:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलीची बारावी झाली. सीईटीला ८१ पर्सेंटाईल. तिला कॉम्प्युटरच पाहिजे, दुसरं काही नको, आणि पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात या मार्कांवर कॉम्प्युटर मिळायचं नाही एवढं आम्हालाही कळतं. मे महिन्यापासून एका खाजगी विद्यापीठाचे फोन सुरू झाले, दिवसाला तीन तीन, शेवटी त्या रविवारी गाडी करून जाऊन आलो. नाव लिहीत नाही. हायवे सोडून साडेचार किलोमीटर आत, डोंगराच्या पायथ्याला, आजूबाजूला ऊस आणि प्लॉटिंगचे बोर्ड. सगळे कोर्स मिळून पावणेदोन हजार मुलं आहेत म्हणाले. फी दोन लाख दहा, त्यात ३० टक्के स्कॉलरशिप देतो म्हणतात, होस्टेल-मेसचे एक लाख पाच वेगळे. २५ हजार भरून सीट धरा असा तगादा चालू आहे.

बिल्डिंग चकाचक आहे. जिम बघितली, एसी हॉल बघितला, मुलगी तर तिथंच फोटो काढत बसली. पण रविवार असल्याने कॅम्पसवर माणूस नव्हता हो. तिच्या डोक्यात कॅम्पस लाईफ म्हणजे रील्समध्ये दिसतं ते. माझ्या डोक्यात एकच, की संध्याकाळी सहा वाजता ती तिथं काय करत असेल? अशा छोट्या ठिकाणी कुणी शिकलंय का, शिकवलंय का? ह्यांचं म्हणणं की चार वर्षं आहेत, निघून जातात.

---

तिरकस_तात्या | १२ जून, दुपारी ४:०२

बॅटरीच्या गाडीतून फिरवलं का? फिरवलं असणारच. ती गाडी ऑगस्टपासून माळ्यांना खताची पोती न्यायला वापरतात. ह. घ्या.

---

बार्शीची_आई | १२ जून, दुपारी ४:२०

तात्या, फिरवलं. मुलीच्या बाबांना पुढं बसवलं होतं.

---

टाकीवरचा_कावळा | १२ जून, रात्री ११:४८

मावशी मी थर्ड इयरला आहे, तुम्ही बघितलं त्याच्यासारख्याच एका ठिकाणी (तेच असलं तर नवल नाही, वर्णन तर डिट्टो आहे). आता पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून टाईप करतोय कारण रेंज फक्त इथंच येते, आयडी त्यावरूनच घेतलाय.

तुमचा सहा वाजताचा प्रश्न एकदम करेक्ट आहे. आमच्याकडं ५:१० ला बस सुटते. एक नाही, सात बस. त्यात डे स्कॉलर म्हणजे रोज घरून येणारी मुलं जातात, प्रोफेसर जातात, लायब्ररीवाले काका जातात, दवाखान्यातल्या सिस्टर जातात, झेरॉक्सवाला तर पाच वाजताच शटर ओढून खिडकीची सीट धरून बसलेला असतो. ५:१५ ला धूळ खाली बसते आणि मग उरतो आम्ही साडेतीनशे जण, दोन रेक्टर, सिक्युरिटी आणि सात कुत्री. कॅम्पस लाईफ ते. दिवसा जे दिसतं ते कॉलेज आहे, सगळीकडं सारखंच असतंय.

पहिले दोन महिने मला ५:१० चा हॉर्न वाजला की पोटात गोळा यायचा. खोटं नाही सांगत, घरी फोन करून लॅबमध्ये आहे म्हणायचो आणि रूमवर पंख्याकडं बघत पडायचो. गाव जवळ नाही, गेटबाहेर एकच टपरी, तिथं चहा, क्रीम रोल आणि रिचार्ज. पिक्चर बघायचा तर २२ किलोमीटर, आणि परत यायला रिक्षावाला चारशे मागतो कारण त्याला रिकामं जावं लागतं.

मग हळूहळू काय झालं की करायला काहीच नाही म्हणून आम्ही करायला लागलो. व्हॉलीबॉलचं नेट आम्ही वर्गणी काढून आणलं. सिनियर-ज्युनियर असं काही उरतच नाही कारण टीम पूर्ण करायला बाराजण पाहिजेत आणि एका इयरचे तेवढे उठतच नाहीत. रात्री मेसच्या मागं बायोटेकचा एक पोरगा गिटार शिकवतो, त्याला स्वतःला चारच कॉर्ड येतात, मला आता तीन येतात. माझा रूम पार्टनर बिहारच्या समस्तीपूरचा, मला छठ म्हणजे काय ते कळलं आणि तो आता "लई भारी" बरोबर जागी वापरतो. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात असतो तर मी बार्शी-सोलापूर-लातूर ग्रुपमध्येच राहिलो असतो याची खात्री आहे.

मेसचं लिहित नाही, रात्र कमी पडेल. फक्त एक, रविवारी रात्री मेस बंद असते. दुपारी जेवताना दोन पोळ्या जास्त घ्यायच्या आणि टिश्यूत गुंडाळायच्या, हे कुणी शिकवत नाही, पहिल्या रविवारी उपाशी झोपल्यावर आपोआप येतं.

---

लिंबू_सरबत | १३ जून, सकाळी १०:०५

कावळ्या, रविवारच्या पोळ्या वाचून डोळ्यात पाणी आलं रे. आमच्याकडं थेपले असायचे, गुजराती मैत्रिणीचे, महिनाभर पुरवायचे म्हणून आठवड्याला मोजून वाटप.

ताई, मी २०२२ ला पास आऊट, अशाच दुसऱ्या एका विद्यापीठातून, बी.डिझाईन. मुलींचं थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते. मुलांची हजेरी रात्री दहाला, आमची साडेआठला. बाहेर जायचं तर आऊटपास, त्यासाठी पालकांच्या नंबरवर ओटीपी, माझी आई ओटीपी सांगायला कधीच फोन उचलायची नाही कारण तिला वाटायचं फ्रॉड आहे. एकदा माझा वाढदिवस गेटवरच साजरा झाला, केक आतल्यांनी बाहेर दिला. आता हसायला येतं, तेव्हा मी वॉर्डनशी आठवडाभर बोलत नव्हते.

आणि छोटं असल्याचा खरा ताप हा की लपता येत नाही. दोन क्लास बुडवले की तिसऱ्याला सर विचारणार बरं नाही का. कुणाशी दोनदा कॅन्टीनला चहा प्यायलात की संध्याकाळपर्यंत मेसच्या मावशींना पण माहीत. माझं सेकंड इयरला एका मुलाशी फाटलं तर पुढची अडीच वर्षं तो रोज समोर, एकच कॅन्टीन, एकच लिफ्ट. मोठ्या कॉलेजात माणूस गर्दीत हरवून तरी जातो. तुमची मुलगी स्वभावाने कशी आहे ते बघा, भांडण झालं तर धरून बसणारी असेल तर अवघड जाईल.

पण एक गोष्ट मला तिथंच मिळाली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. नाटक. शाळेत मी कधी स्टेजवर गेले नव्हते. आमच्या विद्यापीठाने पहिल्यांदा पुरुषोत्तम करंडकाला, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेला, एंट्री टाकली तेव्हा सगळे मिळून नऊ जण होतो. पुण्यातली मोठी कॉलेजं १९६३ पासून त्या करंडकासाठी जीव टाकतात, त्यांच्याकडं ऑडिशनला रांगा लागतात, नुसतं बॅकस्टेजला घेतलं तरी पोरं पेढे वाटतात. आमच्याकडं ज्याने तोंड उघडलं तो ॲक्टर. मी लाईट्स करणार होते, तर प्रयोगाच्या बारा दिवस आधी मुख्य रोलवाली मुलगी कावीळ होऊन घरी गेली आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं कारण दुसरं बघायला कुणी नव्हतंच. तालीम रिकाम्या मेकॅनिकल वर्कशॉपमध्ये, लेथ मशीनला सोफा समजायचं. भरत नाट्य मंदिरात विंगेत उभी होते तेव्हा आधीच्या कॉलेजचा "अरे आव्वाज कुणाचा" असा काही घुमला की मला आपलं पहिलं वाक्यच आठवेना. आमच्या बाजूने ओरडायला सहा जण होते. सहा. त्यातला एक बसचा ड्रायव्हर.

बक्षीस वगैरे काही नाही. पण आज मी मीटिंगमध्ये क्लायंटसमोर उभी राहते ना, ते त्या कावीळवाल्या मुलीमुळे.

---

तिरकस_तात्या | १३ जून, सकाळी ११:३०

छान आहे सगळं, गिटार, थेपले, लेथचा सोफा. पण तीन लाख वर्षाला देऊन हे? आमच्या वेळी सरकारी होस्टेलला हेच सगळं चारशे रुपयांत व्हायचं.

बाई, आधी हे तपासा की हे विद्यापीठ खरंच विद्यापीठ आहे का. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) साईटवर खाजगी विद्यापीठांची यादी असते, राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं पाहिजे. लोकांना आता आठवत नाही, छत्तीसगडने २००२ मध्ये कायदा केला आणि बघता बघता शंभरावर खाजगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली, कित्येकांना धड इमारत नव्हती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल कोर्टात गेले आणि २००५ ला सुप्रीम कोर्टाने त्या कायद्यातली कलमंच रद्द केली. हजारो पोरं लटकली. तेव्हा चकाचक बिल्डिंगला भुलू नका.

---

टाकीवरचा_कावळा | १३ जून, दुपारी १:१०

तात्या ते २००५ चं आहे, मी तेव्हा रांगत होतो.

---

तिरकस_तात्या | १३ जून, दुपारी १:१५

म्हणूनच सांगतोय. रांगणाऱ्यांना माहीत नसतं.

---

गणित_मास्तर | १३ जून, रात्री ९:२५

मी अशा विद्यापीठात सहा वर्षं शिकवतोय. खरी ओळख देत नाही, कारण उघड आहे. कावळ्याने लिहिलेल्या ५:१० च्या बसमध्ये मीही असतो, ड्रायव्हरच्या मागची सीट, त्याबद्दल क्षमस्व. घरी आई आजारी आहे, आणि स्टाफ क्वार्टर ब्रोशरमध्ये आहेत, जमिनीवर अजून नाहीत.

ताई, तुम्हाला आलेले ते तीन तीन फोन, त्यातला एखादा आमच्यासारख्यानेच केला असेल. एप्रिल ते जुलै आम्हाला यादी देतात, रोज इतके कॉल, इतक्या कॅम्पस व्हिजिट. पीएचडी करून मी पालकांना विचारतो की काका मुलाचं काय ठरलं. पहिल्या वर्षी लाज वाटली, आता नाही वाटत, हेच जास्त वाईट आहे. जुलैत पोरं वर्गात बसली की मात्र मी परत मास्तर होतो.

आता चांगलं सांगतो. माझ्या वर्गात ३२ मुलं आहेत. पंधरा दिवसांत नावं पाठ होतात, महिन्यात कुणाचं इंटिग्रेशन कच्चं आहे आणि कुणाचा बाप आजारी आहे हे दोन्ही कळतं. मी स्वतः विद्यापीठाच्या मोठ्या कॉलेजात १२० च्या वर्गात शिकलो, माझ्या एचओडींना माझं नाव डिग्री घेतानासुद्धा माहीत नव्हतं. इथं एक मुलगी पहिल्या सेमला गणितात नापास झाली, मराठी माध्यमाची, समोर आलेलं इंग्रजी वाक्य दोनदा वाचायची आणि वेळ संपायचा. तिला दुपारी जेवणाच्या सुट्टीत मराठीतून समजावलं, बाकी काही नाही. आता तिसऱ्या वर्षाला आहे आणि ज्युनियरना तीच शिकवते, माझ्यापेक्षा बरं.

पेपर आम्हीच काढतो, आम्हीच तपासतो. निकाल तीन आठवड्यांत लागतो. २०१७ ला मुंबई विद्यापीठात ऑनलाइन तपासणीचा जो गोंधळ झाला, पोरांचे निकाल महिनोन्‌महिने अडकले, पुढचे प्रवेश हुकले, तसं काही इथं होत नाही. पण याची दुसरी बाजूही लिहितो. जो शिकवतो तोच पेपर काढतो तेव्हा "सर इम्पॉर्टंट सांगा ना" हा दबाव असतो, आणि निकाल फार कडक लागला तर वरून विचारणा होते. मी दोनदा मार्क वाढवले आहेत. बाकी समजून घ्या.

नॅकला (कॉलेजं-विद्यापीठं तपासून ग्रेड देणारी संस्था) अर्ज करायला दोन बॅच बाहेर पडलेल्या लागतात किंवा सहा वर्षं झालेली लागतात. तुम्ही बघितलेलं विद्यापीठ नवं असेल तर ग्रेड नसणं हा लगेच दोष नाही. पण आठ-दहा वर्षांचं झालंय आणि तरी नाही, तर का नाही ते विचारा आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघा.

---

लिंबू_सरबत | १३ जून, रात्री ९:५०

सर, मार्क वाढवल्याचं असं उघड लिहायला जिगर लागतं. __/\__

---

कट्टा_नं_४ | १४ जून, सकाळी ८:४०

मी त्या बसमधला. चार वर्षं डे स्कॉलर, जाऊन-येऊन ६० किमी. वरचं सगळं वाचून आज कळलं की मी ज्या कॉलेजात शिकलो तिथं गिटार, व्हॉलीबॉल, नाटक असलं काही होतं. खरंच सांगतो. आमचं कॅम्पस लाईफ म्हणजे बसची मागची पाच सीटची लाईन, तिथंच असाइनमेंट कॉपी व्हायच्या, तिथंच एकाचं लग्न जमलं. गॅदरिंगचा मुख्य प्रोग्रॅम सात नंतर, आमची बस ५:१०. एकदा एचओडींना विचारलं तर म्हणाले थांबा, आपली व्यवस्था आपण करा.

जवळच्या गावचे असाल तर पैसे वाचवायला बस बरी पण मग कॅम्पसचे पैसे भरू नका एवढंच म्हणेन, ते वेगळं काढून कुणी देत नाही हा भाग निराळा.

---

काळ्या_कोटातली | १४ जून, सकाळी ११:१५

पैशाचं कुणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते.

बार्शीच्या ताई, तुमचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल तर २०२४ च्या जुलैतला जीआर वाचा. मुलींनी कॅप राऊंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून) व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेतला तर ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ. पण त्यात खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलेली आहेत. म्हणजे साध्या विनाअनुदानित कॉलेजात, कॅपमधून गेली तर माफी, आणि या चकाचक ठिकाणी गेली तर काही नाही. ते देतायत ती ३० टक्के "स्कॉलरशिप" म्हणजे दुकानातलं डिस्काउंट आहे, आणि दुसऱ्या वर्षी ते चालू राहायला किती सीजीपीए लागतो ते लेखी घ्या. माझ्या भाच्याला ८.५ ची अट दुसऱ्या वर्षी कळली, त्याला होते ८.३.

दुसरं, २५ हजारांचं. यूजीसीचा ऑक्टोबर २०१८ चा फी परताव्याचा नियम आहे. प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर झाली असेल तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर पूर्ण फी परत, त्यातून प्रोसेसिंगचे म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५ हजारांच्या आतच कापता येतात. त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, ३० पर्यंत ५०, मग विसरा. आणि मूळ कागदपत्रं ठेवून घ्यायचा त्यांना हक्क नाही, दाखवायची, परत घ्यायची. पावतीवर "नॉन रिफंडेबल" छापलंय म्हणून लोक गप्प बसतात.

---

बार्शीची_आई | १४ जून, दुपारी २:३०

बाई गं. हे जीआरचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं, आम्ही ईडब्ल्यूएसमध्ये बसतो. फोनवरच्या मॅडमना विचारलं तर म्हणाल्या "मॅम आमच्याकडं त्याहून चांगल्या स्कीम आहेत". कॅपचा फॉर्म आजच भरायला बसवते हिला.

मास्तर, तुमचं वाचून ह्यांनी पहिल्यांदाच हा धागा उघडला. म्हणाले हा माणूस खरं बोलतोय.

---

आयोवाची_थंडी | १५ जून, पहाटे ५:२०

अवांतर आहे थोडं, पण राहवलं नाही. माझी मुलगी इथं ग्रिनेल कॉलेजमध्ये आहे, आयोवात. तेही छोटं, खाजगी, साधारण १७०० मुलं, गाव नऊ-दहा हजारांचं, चहूबाजूंनी मका. इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉईस इथलेच, १९४९ चे ग्रॅज्युएट. तुमच्या उसाच्या जागी मका आणि टपरीच्या जागी पेट्रोलपंपावरचं दुकान, बाकी कावळ्याचं वर्णन वाचून मी बायकोला हाक मारून दाखवलं.

फरक मला एकच जाणवला. इथं बहुतेक मुलं कॅम्पसवरच राहतात, आणि लायब्ररी रात्री उशिरापर्यंत, प्रोफेसर गावातच, दोन गल्ल्या सोडून. ५:१० ची बस हा प्रकारच नाही. मुलगी संध्याकाळी प्रोफेसरच्या घरी पिझ्झा खायला जाते म्हटल्यावर माझ्या आईला इचलकरंजीत चिंता पडली होती. छोटं असणं आणि संध्याकाळी ओस पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीचे पैसे द्यायला मी तयार आहे.

कंटाळा मात्र तोच. जानेवारीत उणे वीस असतं तेव्हा फोनवर रडते.

---

तिरकस_तात्या | १५ जून, सकाळी ९:००

आयोवाकर, तिथली फी पण लिहा ना म्हणजे बार्शीच्या बाईंना आपली स्वस्त वाटेल.

---

आयोवाची_थंडी | १५ जून, सकाळी ९:१२

लिहीत नाही. सकाळ खराब होईल. (अर्ध्याहून जास्त ते स्वतःच मदत देतात, नाहीतर आम्ही कुठले.)

---

गणित_मास्तर | १५ जून, रात्री १०:१०

आयोवाकरांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आमची लायब्ररी कागदावर रात्री ११ पर्यंत उघडी असते. किल्ली ज्याच्याकडं तो ५:१० ला जातो. परवा मी विचारलं तर म्हणे मुलं येतच नाहीत. अहो कुलूप बघायला कोण येणार?

ताई, परत जायचं असेल तर वर्किंग डेला जा, पाचला पोचा, आणि बस गेल्यावर दीड तास नुसतं बसा. कुणाला सांगून जाऊ नका.

---

बार्शीची_आई | १९ जून, रात्री १०:४५

गेलो होतो. मंगळवारी. मी आणि मुलगी दोघीच, एसटीने, म्हणजे हायवेपासून चालत जायला किती लागतं तेही कळलं (पन्नास मिनिटं, आणि शेवटच्या दीड किलोमीटरला लाईट नाही).

गेटवर सांगितलं भाचीला भेटायचंय. खोटं बोलले, देव माफ करो. पाच वाजून बारा मिनिटांनी बस निघाल्या, कावळ्या तुझ्याकडं सात, इथं पाच. मग खरंच सगळं गपगार. मुलगी माझ्याकडं बघायला लागली, मी म्हटलं थांब.

साडेपाचला दोन मुली बादली घेऊन आल्या, होस्टेलच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून मागच्या हौदावर. एक परभणीची, एक कुठली तरी नागालँडची. परभणीची मुलगी मला बघून म्हणाली "मावशी कुणाच्या?" मी खरं सांगून टाकलं. मग तिने आम्हाला वर नेलं. खोली दाखवली, तिघींत दोन टेबलं, खिडकीला डासांची जाळी एका बाजूने सुटलेली, ती त्यांनी केसांच्या क्लिपा लावून धरलेली. एक्वागार्डवर "बंद आहे" चिकटवलेलं, कागद पिवळा पडलेला. भिंतीवर मात्र चार्ट होता हाताने काढलेला, कुणाचा पेपर कधी, कुणी कुणाला कुठला विषय शिकवायचा, त्यात नागालँडच्या मुलीच्या नावापुढं इंग्लिश आणि परभणीच्या पुढं मॅथ्स. मी विचारलं हे कुणी करायला लावलं, तर म्हणाली कुणी नाही, लायब्ररी बंद असते ना.

सहाला दवाखान्याकडं गेले. कुलूप. बाहेर नंबर लिहिलाय, मी फोन लावून बघितला. उचलला. बाई म्हणाल्या मी घरी आहे, सिक्युरिटीला सांगा गाडी देतील. सिक्युरिटीवाल्याला विचारलं गाडी कुठंय, तर म्हणाला ड्रायव्हर बसबरोबर गेलाय, नऊला येतो. बाकी सगळं मी सोडून दिलं असतं, पाणी, जाळी, अंधार. हे नाही सोडता येत.

परत येताना मुलगी गप्प होती. एसटीत बसल्यावर म्हणाली मला त्या दोघी आवडल्या पण. मी म्हटलं मलाही. कॅपचा फॉर्म भरलाय, सोलापूरची दोन आणि पुण्याच्या बाहेरची तीन कॉलेजं टाकलीत, त्यातलं एक तर छोटंसंच आहे, होस्टेल कॉलेजला लागून. तिथंही संध्याकाळी जाऊन बसणार आहे मी. २५ हजार भरले नाहीत. फोन अजून येतायत, आता ह्यांनी उचलायचं ठरलंय, ते उचलतात आणि विचारतात "ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर किती वाजता घरी जातो?"

---

तिरकस_तात्या | १९ जून, रात्री ११:००

बाई, तुम्हाला नॅकच्या कमिटीवर घेतलं पाहिजे. हे तिरकस नाही.

---

टाकीवरचा_कावळा | २० जून, रात्री १२:३५

मावशी तुमचं वाचून आज मी आमच्या इथं विचारून आलो. आमचा ॲम्ब्युलन्सवाला कॅम्पसवरच राहतो, मेसच्या वरच्या खोलीत. तीन वर्षांत मला माहीतच नव्हतं, मी त्याला कॅरमवाले दादा म्हणून ओळखतो.

कुठंही ॲडमिशन झाली तरी तिला सांगा, बादली स्वतःची घ्या आणि त्यावर नाव ऑइलपेंटने लिहा, मार्करने नको, आठ दिवसांत जातं.

---

बार्शीची_आई | २० जून, सकाळी ७:१०

ऑइलपेंट घरात आहे रे बाळा. गेल्या दिवाळीला गेट रंगवलं त्यातला उरलाय, हिरवा.